शेवटच्या बोटीतला माणूस

४ फेब्रुवारी, मंगळवार

तळ्यावरच्या बोट क्लबच्या चिटणिसांनी आज मला अर्धा तास बाकड्यावर बसवून ठेवलं आणि मग आत बोलावून विचारलं, "बाई, या वयात झेपेल ना?" स्वतः माझ्याहून चार वर्षांनी मोठे. खुर्चीतून उठताना टेबलाला धरतात. मी एकतीस वर्षं शाळेत खेळ शिकवलाय, चारशे मुलांचं मैदान एका शिट्टीवर गप्प केलंय, आणि हा माणूस मला झेपण्याबद्दल विचारतो.

असो. एकदाचा रविवार मिळाला. सोळा तारखेला आठ नवशिक्यांना तळ्यावर एकेकट्याने वल्हवायच्या कयाक बोटींतून फिरवून आणायचं, शेडपासून पलीकडच्या पाणगवतापर्यंत आणि परत. आठही जणांनी आयुष्यात वल्हं हातात धरलेलं नाही. नीट पार पडलं तर दर रविवारी सकाळी बोटींची शेड माझ्या वर्गाला मिळणार. नाही पडलं तर ती वेगाच्या बोटीवाल्यांना जाणार. ते टपून बसलेच आहेत.

अट एकच, सगळ्यांच्या मागे शेवटच्या बोटीत एक अनुभवी माणूस हवा. पुढे मी, मागे तो. कोणी मागे पडलं, घाबरलं, उलटलं तर त्याने बघायचं. असा माणूस म्हणजे अर्थात आमचे हे. हे छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून सहा वर्षं आम्ही दोघं त्या तळ्यावर वल्हवतोय.

घरी आल्या आल्या स्वयंपाकघरातून यांना बातमी दिली. उत्तर नाही. परत दिली. उत्तर नाही. बाहेर येऊन समोर उभी राहून सांगितली तेव्हा चेहरा फुलला आणि म्हणाले, "अगं, मग आधी नाही का सांगायचं?" भिंतीशी संसार केला असता तर निदान प्रतिध्वनी तरी आला असता.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

खुणा ठरवल्या. एक शिट्टी म्हणजे आहात तिथे थांबा. दोन म्हणजे माझ्याभोवती जमा. तीन म्हणजे कोणीतरी पाण्यात पडलंय, शेवटच्या बोटीने ताबडतोब तिकडे जायचं. कार्डावर लिहून यांना दिलं. यांनी ते कार्ड इतका वेळ वाचलं की जणू मृत्युपत्र आहे. मग म्हणाले, "शिट्टीच हवी का? हात वर केलास तर?" मी म्हटलं, पाठमोऱ्या माणसाला माझा हात दिसणार कुठून? यांनी कार्ड खिशात घातलं.

यांच्याशी बोलणं म्हणजे अलीकडे डोकेफोड झालीय. दहातल्या सहा वेळा उत्तरच येत नाही. उरलेल्या चार वेळा नुसती मान हलते, तीही अशी की हो की नाही कळू नये. मध्यंतरी मला शंका आली होती की यांचे कान गेले की काय. पण कसलं काय. धक्क्यावर बोटींची डागडुजी करणारे एक गृहस्थ आहेत, आवाज असा जाडाभरडा की सगळे त्यांना नगारा म्हणतात. तो नगारा बोटीखाली आडवा होऊन काही पुटपुटतो, ते यांना दहा पावलांवरून ऐकू येतं. त्यावर हसतात, उलट उत्तरं देतात, तासन्‌तास दोघांच्या गप्पा चालतात. म्हणजे कान शाबूत आहेत, फक्त बायकोपुरते बंद होतात. याला आजार म्हणत नाहीत, स्वभाव म्हणतात.

९ फेब्रुवारी, रविवार

आज दोघांनीच रंगीत तालीम केली. शेवटच्या बोटीने मागे राहायचं, हे पाचवीतल्या मुलालाही कळलं असतं. हे सारखे माझ्या शेजारी. मी पुढे गेले की हेही पुढे, आणि नजर माझ्या तोंडावर खिळलेली. लग्नाच्या पहिल्या वर्षातही इतकं पाहिलं नव्हतं. शेवटी चिडून मागे धाडलं.

मग तीन शिट्ट्या दिल्या. ढिम्म. पुन्हा दिल्या. तेवढ्यात धक्क्यावरून नगारा ओरडला, "अहो, बाई बोलावतायत!" तेव्हा कुठे वळले आणि सपासप वल्हवत आले. आले हे खरं, पण दुसऱ्या खेपेला का? मी विचारलं. म्हणाले, वाऱ्याचं तोंड तिकडे होतं. वारा होता कुठे? तळं आरशासारखं पडलं होतं.

तरी तालीम झाली असं वहीत लिहिते. यांचं वल्हवणं माझ्यापेक्षा सफाईदार आहे, हे मला मान्य करावंच लागतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लेकीचा फोन. ती म्हणते, बाबा हल्ली फोन उचलतच नाहीत, नुसते मेसेज करतात, मी काही बोलले का त्यांना? मी म्हटलं, तू कशाला बोलशील, त्यांनाच आता माणसांचा कंटाळा आलाय. टीव्हीवरसुद्धा परक्या भाषांतले, खाली अक्षरं येणारे सिनेमे लावून बसतात. जन्मभर छापखान्याच्या धडधडाटात काढलेला माणूस, अचानक एवढा रसिक कधीपासून झाला, देव जाणे.

लेक म्हणाली, "आई, तू त्यांना एकदा नीट विचार ना." मी काय नीट विचारत नाही? घसा बसेपर्यंत विचारते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

उद्या. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे तपासले. बोटींच्या पाणी काढायच्या भोकांची बुचं तपासली. आठही जणांना फोन करून सांगितलं की चष्म्याला दोरी बांधून आणा आणि जुन्या चपला घाला.

खरं लिहायचं तर भीती वाटतेय. निवृत्त झाल्यापासून माझी कोणी वाट पाहिलेली नाही. उद्या सात वाजता आठ माणसं त्या धक्क्यावर माझी वाट पाहतील. हे नीट झालं नाही तर पुन्हा कोणी पाहणार नाही, एवढंच आहे ते. चिटणिसांना वाटतं मला मिरवायचंय. वाटो.

१६ फेब्रुवारी, रविवार

लिहून काढते, नाहीतर फुटेन.

सुरुवात फार छान झाली. मी आधी सगळ्यांना कमरेएवढ्या पाण्यात नेऊन एकेकाची बोट मुद्दाम उलटवली. चिटणीस काठावर खुर्ची टाकून बसले होते, त्यांनी नाक मुरडलं. मुरडू देत. उलटायचं कसं हे काठाशी शिकलेलं बरं, पाणगवतात नव्हे. दातांच्या डॉक्टरबाईंनी किंकाळी मारली. टेलरबाई, ज्यांना मी सगळ्यात भित्र्या समजत होते, त्या नाकातोंडातून पाणी काढत हसत वर आल्या आणि म्हणाल्या, परत करू का?

मग निघालो. पुढे मी, मध्ये आठ बोटी रेड्यांसारख्या वाकड्यातिकड्या, शेवटी हे. अर्ध्या तासात सगळे सरळ जायला लागले. मला वाटलं, जमलं.

पाणगवताशी वळताना बँकेतले साहेब थेट गवतात घुसले. हे त्यांना सोडवायला गेले, ते बरोबरच होतं. त्यांची पाठ तळ्याकडे झाली. तेवढ्यात त्यांच्या मागे वीसेक हातांवर टेलरबाईंचं वल्हं मुळांत अडकलं आणि बोट उलटली. मी सगळ्यांच्या पुढे, मध्ये सहा नवशिके. तीन शिट्ट्या दिल्या, अशा की काठावरचे चिटणीस खुर्चीतून उठले, टेबल न धरता. सहाच्या सहा माना वळल्या. बँकेतल्या साहेबांनीही पाहिलं, पण गोंधळून नुसते आ वासून बसले. आणि हे शांतपणे त्यांच्या बोटीभोवतीचं गवत उपटत राहिले.

पुन्हा तीन. पुन्हा तीन. वीस हातांवर एक बाई पाण्यात आहे आणि हा माणूस बागकाम करतोय.

मी त्या सहा बोटींना ढुशा देत वाट काढली. चार-पाच मिनिटं गेली असतील. टेलरबाई बोटीला धरून, शिकवलं तसं, जॅकेटवर तरंगत होत्या, ओठ निळे पडलेले. मी पोचतेय तोवर यांनी सहज मान वळवली आणि पाहिलं. मग असे आले की वल्ह्याचं पातं दगडावर आपटून चिरलं. नंतरची घाई काय कामाची?

सगळे सुखरूप परतले. टेलरबाईंना काही झालेलं नाही, एक चप्पल गेली तेवढीच. धक्क्यावर मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ जणांसमोर, चिटणिसांसमोर, नगाऱ्यासमोर मी यांचा पाणउतारा केला. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. हे हातात चिरलेलं वल्हं घेऊन उभे होते, माझ्या तोंडाकडे टक लावून. संपल्यावर एवढंच म्हणाले, "चुकलं माझं."

चुकलं? चूक म्हणजे मीठ विसरणं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

चिटणिसांना लेखी अहवाल हवा. त्यांनी सरळ सांगितलं की दोष एका माणसाचा असेल तर तो माणूस काढू, व्यवस्थेचा असेल तर व्यवस्था बंद करू. मी घरी येऊन एका बैठकीत दोन पानं लिहिली. 'तीन वेळा इशारा होऊनही शेवटच्या बोटीतील व्यक्तीने दुर्लक्ष केले.' खरं ते खरं. नवरा म्हणून मी पोटात घालणार नाही.

त्या व्यक्तीची सही लागते. यांनी दोन्ही पानं सावकाश वाचली, चष्मा काढून पुसला, परत वाचली. विचारलं, "यावर सही केली की तुझे रविवार राहतात ना?" मी मान हलवली. मग यांनी सही तर केलीच, वर आपल्या हाताने एक ओळ घातली. 'शिट्टी मला स्पष्ट ऐकू आली होती. मी आळस केला.'

आळस! छत्तीस वर्षं या माणसाने छापखान्यात एक पाळी चुकवली नाही. तापात गेला, लेकीच्या जन्माच्या दिवशी दुपारून गेला. आणि आळस करायला याला नेमका माझा रविवार सापडला. मी काल घरी आल्यापासून बोलले नव्हते, आज ठरवून बोलले नाही. यांना त्याचा काही फरक पडलेला दिसत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

निकाल लागला. रविवार माझे. तेवीस तारखेपासून दर आठवड्याला शेड मिळणार. यांना मात्र तळ्याच्या कुठल्याही कामात मदतनीस म्हणून उतरायला कायमची बंदी. मागच्या बोटीला नगारा येणार. नऊ जणांनी नावं दिलीत.

यांनी माझं अभिनंदन केलं, अगदी मनापासून. मग आपलं लाइफ जॅकेट धुऊन, वाळवून, घडी घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं. चार दिवस धक्क्यावर गेलेले नाहीत. मला वाईट वाटायला हवं का? केलं कोणी?

संध्याकाळी टेलरबाई आल्या. त्यांना पुन्हा यायचंय, हे सांगायला. जाता जाता दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "बाई, साहेबांना एवढं बोलायला नको होतं. मला पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा मी बघितलाय. आळस केलेला माणूस असा येत नाही हो."

मी म्हटलं, त्यांनी स्वतः लिहून दिलंय. त्या म्हणाल्या, "लिहिलं असेल." आणि गेल्या. कपडे शिवणाऱ्या बाईने आता मला माझा नवरा समजावून द्यायचा. पण जेवण काही गेलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

रविवारसाठी शिट्टी साबणाने धुतली. पाणी गेलंय का बघायला वाजवली. दुपारची वेळ. मी बाहेरच्या खोलीत, हे समोर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, माझ्याकडे पाठ करून बटाटे सोलत होते. मधलं दार सताड उघडं.

खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. हे सोलत होते.

मी पुन्हा वाजवली, जोर लावून. खालच्या बाई अंगणात येऊन वर बघत विचारायला लागल्या काय झालं, काय झालं. हे सोलत होते. सालीचा एक लांब तुकडा न तुटता खाली चालला होता आणि यांचं सगळं लक्ष त्याच्यात. मला आधी रागच आला. खरंच आला, तसं लिहिते. वाटलं, मुद्दाम करतोय हा माणूस. तिसऱ्यांदा वाजवली तेव्हा मात्र यांच्या खांद्यांकडे बघितलं. त्यांत काहीच हललं नाही. मुद्दाम न ऐकणाऱ्याचे खांदे हलतात. एकतीस वर्षं मी पोरांचे खांदे बघितलेत.

मी फिरून समोर गेले. शिट्टी तोंडातच होती. यांनी ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि बटाटा खाली ठेवला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, यंत्रांनी खाल्लं. जाड आवाज येतात अजून. नगारा येतो, ट्रक येतो. उंच पट्टीतले गेले. दाराची घंटी गेली, पक्षी गेले."

"आणि मी?"

यांनी सुरी बाजूला ठेवली. "तू पक्ष्यांच्या बरोबरच गेलीस."

मी बसले. हे म्हणाले की माझं तोंड बघून सगळं कळतं, मी बोलते फार स्वच्छ, आणि चिडले की आणखी स्वच्छ. म्हणजे दोन वर्षं या माणसाला मी फक्त चिडलेली नीट कळले आहे.

मग मी भांडले. का नाही सांगितलं? म्हणाले, सांगितलं असतं तर मी पाण्यावर नेलं नसतं, आणि पाण्यावर आम्ही दोघं बोलत नाही, तिथे त्यांना काही कमी पडत नाही. आणि ते 'स्पष्ट ऐकू आली' कशाला लिहिलं? तर म्हणे, नाहीतर चिटणिसांनी विचारलं असतं, बहिऱ्या माणसाला शेवटच्या बोटीत बसवलं कोणी? आणि शेड गेली असती.

"आणि त्या बाई बुडाल्या असत्या तर?"

यांचे डोळे भरले होते. मला त्यांची दया आली आणि संतापही आला, दोन्ही खरं. दोन वर्षं लपवलं, आणि त्यावर दुसऱ्याचा जीव टांगला. पण मी तरी कोणत्या तोंडाने विचारत होते? हात वर केलास तर, असं या माणसाने मला विचारलं होतं. मी त्याला एका वाक्यात उडवून लावलं होतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी एक लबाड विचार मनात आला, तो लिहून ठेवते. अहवाल मंजूर झालाय. यांनी आपणहून सही केलीय. उद्या नऊ माणसं येणार आहेत, मागे नगारा आहे, त्याचे कान ठणठणीत आहेत. कोणाचं काय बिघडतंय? चहा पिईपर्यंत हा विचार मला पटत होता.

मग माझंच अक्षर डोळ्यांसमोर आलं. 'दुर्लक्ष केले.' त्या कार्यालयाच्या फाइलीत तो शब्द यांच्या नावावर कायमचा राहणार, आणि धक्क्यावरची माणसं यांना आळशी म्हणणार, आणि मी दर रविवारी त्याच धक्क्यावर शिट्टी वाजवणार. कागद घेतला.

'सुधारित अहवाल. शेवटच्या बोटीतील व्यक्तीला शिट्टी ऐकू आली नाही, कारण तिला उंच पट्टीतले आवाज ऐकू येत नाहीत. हे तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. नेमणूक माझी. सगळे इशारे शिट्टीवर ठेवण्याचा निर्णय माझा. आधीच्या अहवालातील दुर्लक्ष हा शब्द खोटा आहे, आणि त्या व्यक्तीने स्वतः लिहिलेली ओळही खोटी आहे.'

हे पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. म्हणाले, "माझी बदनामी आहे, माझी मर्जी. तू मध्ये पडू नकोस." मी समोर उभी राहून सांगितलं की बदनामी तुमची असेल, अक्षर माझं आहे. दारात हात पसरून आडवे आले. चाळीस वर्षांत या माणसाने कशाला आडवं येऊन दाखवलं नव्हतं. मी त्यांच्या काखेखालून निघाले.

चिटणिसांनी कागद वाचला, उलटा करून मागे बघितलं, परत वाचला. म्हणाले, "बाई, हे प्रकरण मिटलं होतं. तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं." मी म्हटलं, तेच तर चुकलं, कोणीच कोणाला विचारलं नाही. मदतनिसाचे डोळे-कान तपासून घ्यायचा नियम तुमच्याकडे का नाही, हेही सुनावलं. त्यांनी ते लगेच मान्य केलं, लिहूनही घेतलं, आणि त्याच शाईने माझा वर्ग यंदापुरता रद्द केला. शेड वेगाच्या बोटीवाल्यांना. यांच्या नावापुढचा 'दुर्लक्ष' मात्र मी माझ्यासमोर खोडायला लावला, तो खोडल्याशिवाय मी खुर्ची सोडली नाही.

तिथल्या बाकड्यावर बसूनच नऊ जणांना फोन केले. टेलरबाईंनी कारण विचारलं नाही.

घरी आले तर हे जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे. विचारलं, "काय झालं?" मी पायऱ्या चढता चढता सांगितलं, वर्ग गेला, रविवार गेले, शब्द खोडला. यांनी परत विचारलं, "काय झालं गं?" सवयीने माझं डोकं फिरलं, एकदा सांगितलेलं कळत नाही का, हे ओठांवर आलंही. मग लक्षात आलं की मी सगळं पायऱ्यांकडे बघून बोलले होते.

वर गेले. यांना खांद्याला धरून खिडकीच्या उजेडाकडे वळवलं, आणि मान वर करून पहिल्यापासून सांगितलं.